प्रिंट सर्व्हर, भाग ५ : चोर घरातच होता

सापडलं एकदाचं! तीन आठवडे डोकं खाल्लं प्रिंटरच्या त्या फर्मवेअरने (प्रिंटर चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर), आणि आज पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या जरा आधी उलगडा झाला. झोप झालेली नाही, चुका पोटात घाला.

सेटअप तोच, घरातल्या दोन कॉम्प्युटरना मिळून एक जुना प्रिंटर. रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू हा तळहाताएवढा कॉम्प्युटर (पुढे नुसता 'पाय'), त्यावर कप्स हे लिनक्सचं छपाईचं सॉफ्टवेअर, ओटीजी केबल लावून आपलं जुनं यूएसबीवालं लेझर प्रिंटर, आणि गिऱ्हाइकं दोन, माझा लिनक्स मिंटवाला डेस्कटॉप आणि बायकोचा विंडोज ११ लॅपटॉप. डेस्कटॉपवरूनच शेअर करायचा नाद मी भाग २ मध्ये सोडला, कारण माझं मशीन बंद की तिचं प्रिंट बंद, मग रात्री अकराला "अहो, जरा तुमचा कॉम्प्युटर लावा ना". आता लॅपटॉपवर पायाचा पत्ता आणि ६३१ पोर्ट दिला, विंडोजमधला तयार आयपीपी क्लास ड्रायव्हर आपोआप बसला, विषय संपला. ते काम इतकं सोपं झालं की त्याबद्दल लिहायला काही नाही.

खरं दुखणं लाईटचं. फोंड्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, एक माड वायरीवर वाकला की गेली. राउटर आणि पाय दोन्ही त्या छोट्या राउटरच्या यूपीएसवर आहेत, ते जागेच राहतात. प्रिंटर मात्र थेट भिंतीच्या सॉकेटला. आणि आमच्या या लेझरचं फर्मवेअर रॅममध्ये राहतं, वीज गेली की सगळं विसरतं, परत चालू झाल्यावर कॉम्प्युटरने लहान पोरासारखं भरवावं लागतं. भरवायला यूडेव्हचा (लिनक्समध्ये कुठलं उपकरण जोडलं-काढलं यावर नजर ठेवणारा) नियम केलेला : प्रिंटर दिसला की स्क्रिप्ट धावते, फर्मवेअरची फाईल एलपी-झिरोवर, म्हणजे लिनक्स प्रिंटरसाठी उघडतं त्या दारावर, ओतते, प्रिंटर घर्रर्र करतो, झालं.

पण कधी घर्रर्र व्हायचं, कधी नाही. नाही झालं की प्रिंटर हिरवा दिवा लावून मख्ख बसायचा आणि मी जाऊन मागचं बटण बंद-चालू करायचो, सर्व्हर कसला, मीच सर्व्हर.

आधी संशय केबलवर. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात एका गाड्यावरून नवीन ओटीजी केबल आणली तर तिच्यात फक्त चार्जिंगच्या तारा, डेटाच्या नाहीतच. केबल गाड्यावरून घेऊ नये, दुकानात उभं राहून पेन ड्राइव्ह लावून बघून घ्यावी हे माझं आता ठाम मत. मग पणजीहून चांगली आणली, जरा महाग पडली पण कनेक्टर घट्ट बसतो. फरक शून्य. मग स्क्रिप्टमध्ये थांबायचे सेकंद वाढवले, २, ५, १०, तेही तसंच. मग वही केली. अकरा वेळा लाईट गेली, सात वेळा ठीक, चार वेळा मख्ख, आणि त्या चारांत मला काही साम्य दिसेना. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आलीय, वाड्यावरच्या घुमट आरत्यांचे (घुमट वाजवून म्हणतात त्या) कागद यंदा माझ्याकडून छापून घ्यायचे ठरलेत, त्यामुळे टेन्शन वेगळंच.

काल रात्री जेवताना बायको सहज म्हणाली, "मी काळोखात प्रिंट टाकून ठेवलं की तुमचा पाय लंगडतो." आई हसली, आणि मी भात तसाच ठेवून वही आणायला उठलो.

चारही वेळा अगदी तेच. ती लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करत होती, वायफाय चालू, तिने प्रिंट दिलं, ते रांगेत पडून राहिलं. रांग रिकामी असेल तर फर्मवेअर जातं, रांगेत काही असेल तर जात नाही. लॉग उघडला तर स्क्रिप्टची तक्रार दिसली, एलपी-झिरो नावाची फाईलच नाही. का नाही? तर कप्सचा यूएसबी बॅकएंड (जॉब प्रिंटरपर्यंत पोचवणारा भाग) लिबयूएसबी या लायब्ररीने काम करतो, प्रिंटर हातात घेताना तो लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या, यूएसबीएलपी ड्रायव्हरला बाजूला सारतो, आणि तो गेला की एलपी-झिरोही जाते. रांगेत जॉब असेल तर बॅकएंड दारातच बसलेला असतो, लाईट आली रे आली की प्रिंटरवर झडप, आणि माझी स्क्रिप्ट भरवायला येईपर्यंत तोंडच बंद.

आता या बॅकएंडला दारात बसवण्यात माझाही हात असावा. आठवा भाग ४! कप्सचं मूळ धोरण असं की जॉब फसला की रांग थांबवायची, मी मोठ्या दिमाखात ते बदलून रीट्राय-जॉब (तोच जॉब परत परत पाठवत राहा) केलं होतं आणि "हे प्रत्येकाने करावंच" असं लिहिलंही होतं. ते वाक्य मागे घेतो. म्हणजे नुसतं ते करू नका.

आता उपाय. यूडेव्हला दोन नियम. प्रिंटर नाहीसा झाला की रांग थांबव, म्हणजे कप्स-डिसेबल, यात नवीन जॉब घेणं चालूच राहतं, फक्त पुढे जात नाहीत. प्रिंटर परत दिसला की आधी फर्मवेअर, मग थोडं थांब, मग कप्स-एनेबल. स्क्रिप्ट थेट नियमातून न चालवता सिस्टमडीच्या (लिनक्समधली मागची कामं सांभाळणारा) सर्व्हिसमधून चालवली, कारण यूडेव्ह जास्त वेळ चालणारं काम मारून टाकतो. पहाटे चार वाजता मेन स्विच पाडला, बॅटरीवरच्या लॅपटॉपवरून पाच जॉब टाकले, स्विच वर केला. घर्रर्र. आणि मग पाचही ओळीने बाहेर. आई उठून आली, "काय रे, चोर शिरला की काय?" त्या गरम कागदाचा वास, काय सांगू.

मेहुणा म्हणतो वायफायवालं इंक घे आणि सुटका करून घे. महिन्याला वीस पानं छापणाऱ्या घरात इंक वाळून जाते, टोनर वाळत नाही, हे त्याला कोण समजावणार. प्रिंटरलाच यूपीएस लावायचाही विचार होता, पण लेझरचा फ्युजर (टोनर कागदावर वितळवणारा गरम रोलर) तापताना शेकड्यांनी वॅट ओढतो, छोटा यूपीएस बोंबलेल, म्हणून बाद. एकच जोडून सांगतो, पावसात कागद सादळतो आणि रोलरला चिकटतो, मी रीम आता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, जॅम बंद.

भाग ६ मध्ये फोनवरून छपाई घेणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं की यूएसबीएलपीला ब्लॅकलिस्टच, म्हणजे लोडच होऊ न देणं, का करू नये? फर्मवेअरसुद्धा कप्सच्याच यूएसबी बॅकएंडमधून पाठवायचं, म्हणजे एलपी-झिरो लागणारच नाही आणि भांडणाचं मूळच जाईल. आधी तेच करतो, फोन नंतर. कोणी पायावर असं केलं असेल तर एवढं सांगा, फर्मवेअर गेल्यावर किती सेकंद थांबता? माझ्याकडे ५ ला कधी कधी पहिलं पान अर्धं येतं, ८ ला अजून तरी एकदाही नाही.