दातांना उगाच बोल

बॅगेची चेन अडकायची जागा ठरलेली असते. कोपऱ्यावरचं वळण. तिथे पोहोचल्यावर आपण काय करतो तेही ठरलेलं. गुडघ्याने बॅग दाबून धरायची, दात-ओठ खायचे आणि ओढायचं. मी हे वर्षानुवर्षं इतकं मन लावून केलंय की माझ्या निम्म्या बॅगांच्या चेनला धरायची पट्टीच उरलेली नाही, तिथे सेफ्टी पिना लोंबतात.

डोळे उघडले ते एका जाकिटामुळे. चेन पोटापाशीच रुतून बसली. वर जाईना, खाली येईना. शेवटी हात वर करून जाकीट डोक्यावरून सोलून काढावं लागलं. मग दिव्याखाली, चष्मा लावून, चेन म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट बघितलं. अस्तराची इवलीशी चुणी आत गेली होती, आणि दर हिसक्यासरशी मीच तिला आणखी आत भरवत होतो. चेन सोडून दिली आणि अस्तर बाजूला ताणून धरलं. चेन जेमतेम एक दात मागे घेतली, पुन्हा अस्तर ताणलं. असं पाच-सहा वेळा केल्यावर चुणी सुटली. ओढायचं होतंच, पण कापड.

सरकणाऱ्या त्या तुकड्याला दुरुस्तीवाले रनर म्हणतात. इतका दुतोंडी प्राणी दुसरा नसेल. एका टोकाला दोन तोंडं, दुसऱ्या टोकाला एक, मध्ये पाचर. वर जाताना त्याच्या कडा दोन्हीकडचे दात दाबून एकमेकांत बसवतात, खाली येताना तीच पाचर त्यांची फारकत करते.

आता दुसरं दुखणं. रनर सरसर वर जातो, पण मागे चेन उघडीच. आपण म्हणतो, दात गेले. ही तक्रार चेनइतकीच जुनी आहे. व्हिटकॉम्ब जडसनने 1893 मध्ये बुटांसाठी आकड्यांची चेन काढली, ती आपोआप उघडायची. पुढे गिडियन सुंडबॅकने 1913 च्या सुमारास आकडे टाकून दिले आणि दात आणले. प्रत्येक दाताला एका अंगाला उंचवटा, दुसऱ्या अंगाला खळगा, म्हणजे एकाचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात. ‘झिपर’ हे नाव तर त्यानंतर, 1923 मध्ये, एका कंपनीच्या रबरी बुटांमुळे रुळलं. दात तेव्हापासून आपलं काम चोख करताहेत. हजारो वेळा सरकून फाकतो तो रनर. त्याच्या कडा सैल झाल्या की दात शेजारी येतात पण एकमेकांत बसत नाहीत, आणि बोल मात्र दातांना.

यावर उपाय पक्कड. रनर चेनच्या सुरुवातीला आणायचा आणि एका तोंडाच्या टोकाकडून आधी डावी कड, मग उजवी, किंचित दाबायची. किंचित म्हणजे खरंच किंचित. रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, वाकण्याआधी तडकतो. माझा पहिला तडकलाच. नवा घेताना जुन्याच्या पाठीवर 3, 5, 8 असा आकडा असला तर तो बघायचा. बंद चेनची साधारण मिलिमीटरमधली रुंदी ती. पण आकडा जुळला तरी धातूच्या चेनचा रनर नायलॉनच्या चेनला चालत नाही. तिला मुळात दातच नसतात, एका जाड तंतूचं वेटोळं असतं नुसतं.

नुसती जड चालणारी चेन असेल तर इतकंही नको. जुन्या टूथब्रशने आधी धूळ आणि धागे काढायचे (दातांना ब्रश, दुसरं काय!). मग धातूच्या चेनवर शिसपेन्सिल घासायची आणि नायलॉनच्या चेनवर मेणबत्ती. पांढऱ्या कपड्यावर पेन्सिल नको, काळं होतं. तेल तर कुठेच नको. त्याने दोन दिवस चेन पळते, मग धूळ धरून बसते, आणि कापडावर डाग पडतो तो वेगळाच. धुताना चेन लावलेली असावी, म्हणजे दात वाकत नाहीत आणि इतर कपड्यांत अडकतही नाहीत.

हे सगळं मला येतं अशी घरात बोंब झालीय. परवा मुलगी जाकीट अंगात असतानाच समोर येऊन उभी राहिली. हनुवटी वर, चेन गळ्यापाशी, अस्तर आत.

“ओढलंस?”

“थोडंसं.”

पट्टी तिच्या मुठीत होती.