आवक रजिस्टरातली ओळ

आठ दिवस झाले, एक रजिस्टर काही डोक्यातून जात नाहीये.

मी नागपुरात सरकारी ऑफिसांमध्ये पॉशचं ट्रेनिंग घेते, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं. ऑफिस कुठलं ते सांगणार नाही, का ते पुढे कळेल. मे महिना, हॉलमध्ये दोन कूलर आणि त्यांच्या घरघरीत माझा माइक. साहेबांनी दिवा लावला, "अत्यंत महत्त्वाचा विषय" म्हणाले आणि व्हिडिओ कॉन्फरन्सला गेले ते गेलेच. पहिला प्रश्न पण नेहमीचा, मागच्या रांगेतून, खोटी तक्रार केली तर? मी म्हटलं, पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यातच लिहिलंय. हे वाक्य वहीत उतरवून घेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग माझा लिफाफा. हा माझा लाडका प्रकार आहे. साहेबांना तेवढं आधी सांगून ठेवते आणि सकाळीच एक बनावट तक्रार आवकला, म्हणजे ऑफिसात आलेला कागद नोंदवतात त्या टेबलावर टाकते, नियमाप्रमाणे सहा प्रती, बंद पाकीट, वर लाल पेनाने 'गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत समिती'. मग दुपारी ते पाकीट कुठं पोचलं ते सगळ्यांसमोर बघायचं. या वेळी दोन वाजेपर्यंत पाकीट फोडलेलं, प्रत्येक प्रतीवर आवकचा शिक्का, आस्थापना शाखेची सही, अधीक्षकांचं 'पाहिले', आणि हे सगळं साध्या फाइलीत घालून शिपाई टेबलाटेबलावरून फिरवत होता. या तक्रारींची चौकशी करायची ती अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्ष मॅडम माझ्यासमोरच बसलेल्या, त्यांच्यापर्यंत कागद आलेलाच नव्हता!

रजिस्टर मागवलं. मोत्यासारख्या अक्षरात विषयाचा रकाना भरलेला, तक्रार करणारीचं नाव, ज्याच्याविरुद्ध त्याचं नाव, 'लैंगिक छळाबाबत'. हॉल हसला. मी पण हसले, आणि लगेच कलम १६ सांगितलं, की नावं, पत्ता, तक्रारीतला मजकूर, काहीच बाहेर जाता कामा नये, ज्याच्या हातून गेलं त्याच्याकडून ५००० रुपये वसूल होतात. आवकचे काका तिथंच दाराशी उभे होते, रिटायरमेंटला आलेले. त्यांना शिकवलंच तसं होतं हो, कागद आला की फोडा, शिक्का मारा, विषय लिहा. आवकच्या माणसाला ट्रेनिंगला बसवायचं कोणाला सुचत नाही आणि खरी तक्रार सगळ्यात आधी त्याच्याच हातात पडते.

साडेपाचला मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते तर काका आले, बगलेत दुसरं रजिस्टर, गेल्या वर्षीचं. एका पानात सुतळी घातलेली. तेच अक्षर, तोच रकाना, फक्त नावं खरी.

"मॅडम, हे पण मीच लिहिलं होतं जी. मी तं नेमानंच केलं."

"मग काय झालं?"

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या ऑफिसला मालूम झालं. चार दिवसांत बाईनं तक्रार वापस घेतली. मंग बदली मागून घेतली." जरा थांबून म्हणाले, "मले वाटे, तिनंच कोणाला सांगितलं असंल."

मला वाटलं दंडाची भीती असेल, म्हणून म्हटलं काका, तुम्हाला कोणी काही सांगितलंच नव्हतं तर तुमची काय चूक. ते ऐकतच नव्हते. त्या ओळीवर बोट ठेवून उभे.

सकाळपासून मी कलमं धडाधड सांगत होते, तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी, समेट फक्त तिनं मागितला तरच आणि तोही पैशांवर नाही. या ओळीचं काय करायचं ते मला येत नव्हतं. आतापासून नुसतं 'गोपनीय पाकीट, न फोडता अध्यक्षांकडे' एवढंच लिहा, एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"ते करतो जी. पण हे?" म्हणाले. "आवक रजिस्टरात खाडाखोड नाही चालत ना, मॅडम."

मी नाही म्हटलं. त्यांनी सुतळी परत त्याच पानात घातली आणि रजिस्टर घेऊन गेले.