फुसका बार

"घरात दारू ठेवतोस म्हणे!" व्हिडिओ कॉलवर काकांचा पहिलाच प्रश्न, आणि मागे भाजी निवडणाऱ्या काकूंचा हात थांबला. ती दारू नव्हे काकू, ही बंदुकीची! काका खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १८६९ सालची ती फॅक्टरी; आमच्या घरातल्या निम्म्या गप्पा तिच्याच. पुतण्या अलास्कात गॅरेजमध्ये बसून पितळी पुंगळ्यांत दारू आणि गोळी बसवून काडतुसं भरतो, याचं त्यांना कौतुकही वाटतं आणि हसूही येतं.

इथे अँकरेजला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेपाच तासांचा. संध्याकाळी करणार काय? शेजारचे आजोबा काडतुसं भरतात, मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. स्वतःपुरती भरायला इथे वेगळा परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. माझं रिव्हॉल्व्हर .४४ मॅग्नमचं. जुलैत कीनाय नदीत सामन मासे चढतात तेव्हा काठावर आपल्यासोबत अस्वलंही मासे धरायला असतात. अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे कमरेला असतोच, रिव्हॉल्व्हर त्याच्या जोडीला.

या काडतुसाचा जन्मच घरी भरणाऱ्यांच्या हट्टातून झाला. एल्मर कीथ हा आयडाहोचा माणूस जुन्या .४४ स्पेशल काडतुसात वर्षानुवर्षं दणकट बार भरत राहिला. अखेर १९५५-५६च्या सुमारास स्मिथ अँड वेसन ही बंदुकांची आणि रेमिंग्टन ही काडतुसांची कंपनी, या दोघींनी .४४ मॅग्नम बाजारात आणलं. पुंगळी मुद्दाम सुमारे ३ मिलिमीटर लांब केली, जुन्या कमजोर रिव्हॉल्व्हरमध्ये ती बसूच नये म्हणून. (नाव ४४, पण गोळीचा व्यास ०.४२९ इंच. पहिल्याच दिवशी माझा गोंधळ इथे झाला.)

मला वाटायचं, अस्वलासाठी म्हणजे फुलून पसरणारी गोळी हवी. आजोबा म्हणाले, ती हरणाला ठीक. अस्वलाची चरबी, स्नायू, हाडं पार करून आत जायचं तर कडक ओतीव शिशाची, सपाट तोंडाची, ३०० ग्रेनच्या आसपासची जड गोळी हवी. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. आमच्या टेबलावरचा काटा सोनाराला शोभेल असा आहे.

खरी अक्कल दारू निवडताना आली. एच ११० ही सावकाश जळणारी, बारीक दाण्याची दारू जड गोळीला उत्तम. पण झटका मनगटाला सोसेना, म्हणून मी सुचवलं, "थोडी कमी घालू या का?" आजोबांनी माझ्या हातातलं माप काढूनच घेतलं. ही दारू पुंगळीत जवळजवळ काठोकाठ हवी आणि पेटवायला मॅग्नम प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली जोरदार ठिणगीची टोपी, हवा. कमी भरली की दाब नीट चढत नाही, बार फुसका जातो आणि गोळी नळीतच अडकते. ते न कळता मागून दुसरी झाडली की नळी फुटलीच. हलका बार हवा असेल तर दारूच बदलायची, तीही छापील पुस्तकात त्या गोळीपुढे दिलेल्या मापानेच. आपण फुसका बार म्हणून किती सहज हसतो! इथे जोरदार बारापेक्षा त्याचीच धास्ती जास्त.

मी पन्नास भरली. रेंजवर आजोबांनी परीक्षा घेतली: रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घालायची, पाचच झाडायची, सहावं काढून कॅलिपरने मोजायचं. झटक्याने रिव्हॉल्व्हर पुंगळीसकट मागे येतं, जड गोळी मात्र जागची हलायला तयार नसते, म्हणून ती पुंगळीतून पुढे सरकते. फार सरकली तर टोक सिलिंडरबाहेर (काडतुसं ठेवायच्या फिरत्या चक्राबाहेर) येऊन अडतं आणि सिलिंडर फिरत नाही, समोर अस्वल असलं तरी. त्यासाठी पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवावं लागतं. माझं सहावं काडतूस जवळजवळ एक मिलिमीटर लांबलं होतं. मी वळवलं होतं, पण जीव मुठीत धरून, अगदी हलकं.

उरलेली पंचेचाळीस काडतुसं आपटून आपटून उघडायला दोन संध्याकाळी गेल्या. रात्री काकांना सांगितलं.

"म्हणजे लॉट रिजेक्ट," ते खुशीत म्हणाले. "आणि इन्स्पेक्टर कोण? ते आजोबाच ना? त्यांना म्हणावं, खडकीत आले असते तर प्रमोशन मिळालं असतं."