आधी पत्रा आणि कागद, इंजिन नंतर

शनिवार

जुनी पिकप बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो. शेव्हरोले ३१०० च्या बाबतीत बॉनेट सगळ्यात शेवटी उघडावं, असं माझं ठाम मत आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात ही गाडी आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. अर्ध्या टनाची, ११६ इंच व्हीलबेसची. तिचं इंजिन उतरवता येतं, दुसरं मिळतं. गिअरबॉक्स मिळतो, मडगार्ड नटबोल्टांवर निघतात. केबिन मात्र एकच असते आणि तिचा पत्रा सडला असेल, तर बाकी सगळ्या गाडीला लागतील त्याहून जास्त तास ती एकटी खाते.

केबिनचे मागचे खालचे दोन कोपरे आधी जातात. तिथे आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे आहेत, मधे पोकळी. वरून आलेली धूळ त्यात साचते, ओल धरून ठेवते, आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेर रंगाला फुगा दिसला की आतला पत्रा गेलेलाच असतो. त्यानंतर बघायचं ते दाराखालची पट्टी, दाराची खालची दुमड, पेडलांपुढची फ्लोअर आणि केबिन जिथे चासीवर बसते ते माउंट. विंडशील्डपुढच्या हवेच्या झडपेचं रबर गेलं असेल, तर पाणी थेट पायाशी उतरतं. मॅट उचलल्याशिवाय हे कळत नाही, आणि विकणारा सहसा मॅट उचलून दाखवत नाही.

सोबत लोहचुंबक न्यायचा तो कमजोर. जोरदार चुंबक पुट्टीच्या थरावरूनही पत्र्याला धरतो आणि फसवतो. फ्रिजवर लावायचा साधा चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला की पुट्टी कुठे जाड आहे ते लगेच कळतं. स्क्रूड्रायव्हरने खालून टोचून बघायला मालकाची परवानगी घ्यावी. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

अमेरिकेत ओहायो, मिशिगनकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा सडतो. तिथली चालू गाडी आणि कोरड्या हवेच्या न्यू मेक्सिको किंवा ॲरिझोनाची बंद गाडी सारख्या किमतीत असतील, तर बंद गाडी घ्यावी. उन्हाने रबर, सीट, वायरिंग सगळं भाजलेलं असतं, पण ते तसंही बदलायचंच असतं. ट्रेलरवरून आणायचा खर्च कोपरे आणि फ्लोअर नव्याने बसवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

शनिवार, रात्री

कागदांचं राहिलं. नंबरची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला, दाराच्या खांबावर असते. तिच्यावरचा नंबर आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर पैसे देण्याआधी अक्षरन् अक्षर ताडून बघावा. १९५१ च्या गाडीवर ‘३ जेपी एफ’ अशी सुरुवात असेल तर ३ म्हणजे सेंट लुईस कारखाना, जेपी म्हणजे १९५१ ची अर्ध्या टनाची आणि एफ म्हणजे सहावा महिना, जून. १९५० ला एचपी, १९५२ ला केपी.

खरी अडचण वेगळीच आहे. त्या काळात अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत टायटल इंजिन नंबरावर निघायचं. पुढे कुणी इंजिन बदललं की टायटलवरचा नंबर गाडीवर कुठेच सापडत नाही. अशी गाडी चोरीचीच असेल असं नाही, पण ती आपल्या नावावर करताना तपासणी, बाँड, हेलपाटे हे सगळं येतं. ते विकणाऱ्याने आधी निस्तरावं आणि मग व्यवहार करावा.

टायटलवरच्या सालावरही विसंबू नये. दारात छोटी तिकोनी काच असेल तर दार १९५१ किंवा नंतरचं. बाहेरचं हँडल बटण दाबायचं असेल तर १९५२ पासूनचं. समोरची काच मधल्या पट्टीशिवाय अखंड असेल तर १९५४ किंवा त्यानंतर. या गाड्यांचे भाग एकमेकींना इतके बसतात की तीन सालांच्या तुकड्यांतून बांधलेली गाडी सर्रास आढळते. चालवायला काही बिघडत नाही, फक्त तिला त्या हिशेबाने किंमत द्यावी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत होता, तेव्हा एखाद्या वाड्यामागे या काळातली शेव्हरोले निघणं अशक्य नाही. पण आपल्याकडची गाडी उजव्या स्टिअरिंगची असते. अमेरिकन कॅटलॉगमधला स्टिअरिंग बॉक्स, पेडलांची जोडणी, डॅशबोर्ड तिला चालत नाही. इंजिन, ब्रेक, कमानपाटे चालतात. उजव्या बाजूच्या भागांसाठी ऑस्ट्रेलियाकडे बघावं, तिथे जनरल मोटर्सच्याच होल्डन कंपनीने या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्याच बांधल्या.

मंगळवार

आज २१६ बद्दल, कारण या इंजिनाला लोक उगाच नावं ठेवतात.

१९५३ पर्यंतच्या ३१०० मध्ये २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. मेन बेअरिंगना पंपाच्या दाबाने तेल जातं. कनेक्टिंग रॉडना तसं जात नाही. रॉडच्या टोपीखाली एक छोटा चमचा असतो, त्याला डिपर म्हणतात. खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीत, प्रत्येक रॉडसाठी तेलाचं पन्हळ आहे. इंजिन हळू फिरताना डिपर पन्हळातलं तेल उचलतो. वेग वाढला की चेंबरच्या बाजूच्या नळीतल्या नोझलमधून तेलाची धार सुटते आणि ती सरळ फिरत्या डिपरच्या तोंडात जाते. रॉडमध्ये व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो, काढून बदलता येणारं शेलचं बेअरिंग नसतं.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि बिघाड त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्यानेच होतो. पहिली, डिपरचं तोंड कॅमशाफ्टच्या बाजूला हवं. रॉड उलटा बसला की धार डिपरच्या पाठीवर आपटते आणि तो रॉड थोड्याच मैलांत वाजायला लागतो. दुसरी, नोझलचा नेम. चेंबर साफ करताना नोझल वाकला तरी डोळ्याला कळत नाही. शेव्हरोलेचं यासाठी खास गेज होतं. ते चेंबरवर ठेवायचं, तेलाच्या नळीला पाण्याचा पाइप जोडायचा आणि प्रत्येक धार गेजच्या भोकातून आरपार जाते का ते बघायचं. चेंबर उतरवलं आणि हे केलं नाही, तर काम अर्धवट आहे. तिसरी, पन्हळातला गाळ. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत नवं डिटर्जंट तेल ओतून लगेच चालू केलं की सुटलेला गाळ नोझलमध्ये अडकतो. आधी चेंबर खाली घ्यावं, हाताने साफ करावं, नवं गॅस्केट लावावं आणि मगच तेल भरावं.

ऑइल प्रेशरचा काटाच मुळात ३० पौंडांपर्यंतचा आहे. गरम इंजिनाला रस्त्यावर १४ च्या आसपास दाब दिसला तर तो ठीकच आहे, आयडलिंगला त्याहून कमी येणार. आजच्या गाडीची सवय असलेला माणूस ते बघून घाबरतो आणि चांगलं इंजिन काढून टाकतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

रॉड वाजतोय का हे बघायला इंजिन गरम करावं, मध्यम वेगावर न्यावं आणि ॲक्सिलरेटर झटकन सोडावा. सोडल्यावर टकटक आली तर रॉड. मग एकेका प्लगची वायर काढून बघायची, ज्या सिलिंडरला आवाज दबतो तो रॉड आपला. टोपीखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या असतात. झीज थोडी असेल तर दोन्ही बाजूंची सारखीच शिम काढून ती भरून निघते. व्हाइट मेटल तडकलं असेल तर मात्र रॉड नव्याने ओतून घ्यावे लागतात, आणि ते काम करणारी दुकानं आता मोजकीच आहेत.

टॅपेट कव्हर काढून गरम इंजिन आयडलिंगला ठेवावं. प्रत्येक रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर, तेल पाझरताना दिसलं पाहिजे. कोरडा रॉकर दिसला तर शाफ्ट आतून तुंबलाय.

ज्यांना महामार्गावर रोज धावायचं आहे त्यांनी १९५४ पासूनचं, रॉडनाही दाबाने तेल देणारं २३५ क्युबिक इंचाचं इंजिन बसवावं, ते गैर नाही. ओळख अशी: २१६ च्या बाजूचं पुशरॉड कव्हर उंच असतं, प्लगच्याही वर जातं. नव्या २३५ चं कव्हर आखूड, प्लगच्या खालीच संपतं. विकणारा काहीही सांगो, कव्हर बघावं.

बुधवार

सहा व्होल्ट. ‘सेल्फ ओढत नाही, बारा व्होल्ट करून टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. सेल्फ न ओढण्याचं कारण बहुतेक वेळा केबल असते. सहा व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो आणि वाटेत वाया घालवायला व्होल्ट निम्मेच असतात. म्हणून तेवढ्याच टक्के नुकसानीसाठी तांबं चौपट लागतं. दुकानात मिळणारी तयार केबल बारा व्होल्टची, तिच्यात ते नसतं. एक-शून्य किंवा दोन-शून्य गेजची केबल करून घ्यावी. इंजिन रबराच्या माउंटवर आहे, म्हणून इंजिन ते चासी अर्थिंगची विणलेली जाड पट्टी हवीच. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर.

तपासायला सोपं आहे. व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या टोकावर, दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर, आणि कुणाला तरी पायाचं सेल्फ दाबायला सांगायचं. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर दोष केबलचा किंवा टोकांचा. ही गाडी पायाने सेल्फ मारायची. पेडल आधी पिनियन पुढे ढकलतं आणि मग स्विच जोडतं. स्विचमधली तांब्याची चकती जळून खड्डे पडतात. ती उलटी करून बसवली की दुसरी बाजू कोरी मिळते.

बॅटरी किंवा डायनॅमोच्या वायरी काढून परत जोडल्या की इंजिन चालू करण्याआधी रेग्युलेटरवरचं बॅटरीचं आणि डायनॅमोच्या आर्मेचरचं टर्मिनल वायरने क्षणभर जोडावं. हे राहिलं तर डायनॅमो उलट्या ध्रुवाने उठू शकतो आणि रेग्युलेटरचे पॉइंट चिकटून जळतात.

टायमिंगची खूण पुलीवर नाही, फ्लायव्हीलवर आहे. फ्लायव्हीलवरच्या आवरणाच्या, म्हणजे बेलहाउसिंगच्या छोट्या खिडकीतून फ्लायव्हीलमध्ये बसवलेली पोलादी गोळी दिसते. ती काट्यासमोर यायला हवी. गोळी गंजाने काळी पडलेली असते, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. पॉइंटची गॅप १८ हजारांश इंच, प्लगची ३५, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

शुक्रवार

इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक. ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून जुना पाइप एकही ठेवू नये, सगळे नवे, दुहेरी फ्लेअरचे, म्हणजे टोक दुमडून पसरवलेले. रबरी होज तीन: पुढे दोन, मागे एक. जुना होज आतून फुगतो, तेल जातं पण परत येत नाही आणि पाय उचलला तरी चाक धरून राहतं. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरमध्ये आहे, म्हणून वर्षानुवर्षं कुणी तिथलं तेल बघितलेलंच नसतं. १९५० पर्यंत हक कंपनीचे ब्रेक होते, १९५१ पासून बेंडिक्स. हकचे सुटे भाग महाग आणि ॲडजस्टमेंट कटकटीची. बॅकप्लेट, शू, ड्रम सगळंच १९५१ नंतरचं घेऊन बदलावं, या एका बदलाला माझी हरकत नाही.

पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवावं. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी. किंग पिनचे नवे बुश ठोकून भागत नाही, दोन्ही एका रेषेत रीम करावे लागतात.

प्रॉपेलर शाफ्ट १९५४ पर्यंतच्या गाडीत बंद नळीत आहे. नळीतलं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल शाफ्टवरून वाहत मागे जातं. गिअरबॉक्स रिकामा होतो, डिफरन्शियल ओसंडतं आणि तेल मागच्या ब्रेक शूवर येतं. लोक ब्रेक शू बदलत बसतात. डिफरन्शियलचा प्लग उघडल्यावर तेल बाहेर वाहिलं, तर दुखणं पुढे आहे.

रविवार

पत्र्याचं काम. कोपरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या चौकोनी नळ्या वेल्ड करून केबिन बांधून घ्यावी, आणि केबिन चासीवरच ठेवावी. दार लावून, फट बघत बघत काम करावं. दार काढून वेल्डिंग केलं तर शेवटी ते बसत नाही, आणि मग बिजागरी वाकवण्याचे उद्योग सुरू होतात. पत्रा १८ गेजचा, मिग वेल्डिंगची तार ०.०२३ इंची. सलग शिवण मारू नये. एक टाका इथे, पुढचा पाच-सहा इंच लांब, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यावं, मग पुढे. घाई केली की पत्रा पापडासारखा लहरतो आणि त्यावर पुट्टी चढते. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर. शेवटी पोकळीत मेणाचा फवारा, नाहीतर नवा कोपराही आतूनच जाईल. दोन घटकांचा रंग मारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही.

हौद्याच्या फळ्या व्हाइट ओकच्या घ्याव्यात. रेड ओक दिसायला तसाच असतो आणि स्वस्तही, पण त्याच्या नळ्या उघड्या असतात, फळीच्या टोकातून पाणी आत शोषलं जातं. फळी बसवण्याआधी सहाही बाजूंना लेप द्यावा, विशेषतः टोकांना आणि बोल्टच्या भोकांना.

१९४९ पासूनच्या गाडीत टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच आहे. पेट्रोलचा वास आला तर भरण्याच्या नळीचं रबर आणि सेंडरचं, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचं, गॅस्केट बघावं. सेंडर ० ते ३० ओहमचा, रिकाम्याला शून्य. काटा फुलच्याही पलीकडे जाऊन बसला तर टाकीला अर्थिंग मिळत नाही.

वेगाचं शेवटी. मागच्या डिफरन्शियलचा गिअर ४.११ चा, त्यामुळे ताशी ५० मैलांच्या पुढे इंजिन फार फिरतं. १९५० ते १९५४ च्या पॉवरग्लाइड (शेव्हरोलेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेल्या कारमधला ३.५५ चा सेट बसतो आणि गाडी मोकळी होते. मात्र स्पीडोमीटर प्रॉपेलर शाफ्टवरून चालतो, तेव्हा त्याचे गिअरही बदलावेत. नाहीतर गाडी ६० ने जात असताना काटा ५२ दाखवतो.