फी भरतासा, मग राबतासा कशाला?

मुलीचं नाव छोट्या शाळेत घालायचं म्हणता, आणि फी भरूनही पालकांनी शाळेत काम का करायचं, ते सक्तीचं असतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा प्रश्न मला शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि सगळ्यात सरळ विचारला तो आमच्या दूधवाल्या मामांनी: "वैनी, फी भरतासा न्हवं? मग सुट्टीच्या दिवशी तिथं राबायला कशाला जातासा?"

माझी दोन्ही मुलं कोल्हापुरातल्या एका छोट्या मराठी शाळेत आहेत. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, अनुदान नाही, आणि ट्रस्टच्या मागे साखर कारखाना किंवा बँकही नाही. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं तेव्हापासून छोटी, मराठी, वेगळ्या वाटेनं शिकवणारी शाळा कोल्हापूरला नवी नाही. आमची त्या वाटेवरची अगदी अलीकडची. फी येते ती बहुतेक शिक्षकांच्या पगारात जाते. उरलेल्यातून लाइटबिल, घरफाळा आणि पावसाळ्याआधीची डागडुजी.

त्यामुळे लोक स्वतःच उत्तर काढतात की आम्ही काम करतो म्हणून शाळेचे पैसे वाचत असणार. मला हे उत्तर पटत नाही. ज्या कामाला माणूस ठेवायला पाहिजे तिथं पालक बसवला की ते काम नीट होत नाही, आणि एका मावशींचा पगारही बुडतो. साफसफाई, हिशेब, रिक्षात मुलांना चढवणं-उतरवणं ही पगाराची कामं आहेत. ती पालकांच्या हौसेवर चालत असतील तर शाळेनं फी खोटी सांगितली असं मी म्हणेन.

पालकांनी करायची कामं वेगळी. त्यांच्यासाठी कुणी कधी माणूस ठेवणार नाही, आणि बाईंचे दोन हात तिथवर पोचत नाहीत.

त्यातलं एक म्हणजे पुस्तकं. लहान मुलांची बहुतेक पुस्तकं पिनांची असतात. इथला एक-दोन पावसाळे काढले की पिना गंजतात, कागदाला तांबूस भोक पडतं आणि मधलं पान सुटून हातात येतं. एका मुलाचे आजोबा आयुष्यभर छापखान्यात बाइंडर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावरचा सेलोटेप उचलून बाजूला ठेवला. "कागद खातीय ती," म्हणाले. मग त्यांनी दाखवलं तसं आम्ही करतो. पिना उचकटायच्या, घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची, दोऱ्याला मेण ओढायचं. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, मग वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि गाठ घडीच्या पोटात. फाटलेल्या कव्हराला मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, त्यामुळे खळीच्या भांड्याजवळ पोर फिरकलं की एरवी मऊ बोलणारे आजोबा असे ओरडतात की आम्हीही दचकतो.

दुसरं काम ऐकण्याचं. दुसरी-तिसरीतलं एक मूल आणि एक मोठं माणूस व्हरांड्यात बसायचं. मूल वाचणार, आपण ऐकणार. ऐकायला सोपं वाटतं. बाईंनी नियम घातलाय की मूल चुकलं तर लगेच सांगायचं नाही, मनात सावकाश तीन अंक मोजायचे. हे आम्हा आयांना किती जड जातं ते करून बघा. एक मुलगा 'म्हैस' हा शब्द 'महेस' असा वाचून पुढं गेला. माझ्या ओठावर आलेलं मी गिळलं. पुढच्या ओळीत धार काढायची गोष्ट आली, तसा तो थांबला, बोट मागं नेलं आणि म्हणाला, "म्हस व्हय ही! आमच्यात दोन हायत." त्यानंतर पाच मिनिटं पुस्तक बाजूला राहिलं आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर त्याचे वडील धार काढून देतात तेव्हा फेस कसा येतो हे मला ऐकावं लागलं. तो फेस पुस्तकात नव्हता, पण वाचायचं कशासाठी हे त्या मुलाला त्या दिवशी जरा कळलं असावं.

चाळीस मुलांचं असं एकेकट्याचं वाचन एका बाईनं रोज कधी ऐकायचं? मामांना मी हेच उत्तर दिलं. त्यांना ते पटलं, कारण त्यांच्या गावाकडं भांगलणीला अजून पैऱ्यानं जातात. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. माझ्या मुलीचं वाचन दुसऱ्याच कुणाची तरी आई ऐकते. आपल्या मुलाच्या वर्गात आपण जायचंच नाही असा शाळेचा दंडक आहे. "तुमच्या पोरीला मार्क जास्त पडत असतील की" हा टोमणा त्यामुळं आपोआप मिटतो.

दुसरा दंडक न बोलण्याचा. व्हरांड्यात बसलं की कुणाला वाचता येत नाही, कुणाच्या डब्यात काय नसतं, कोण घरचं काय सांगून जातं, हे सगळं कळतं. ते संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना बोलायचं नाही. एका पालकानं बोलून दाखवलं, तेव्हा बाईंनी त्यांचे आभार मानले आणि पुन्हा बोलावलं नाही. मला ते आवडलं. फुकट काम करणाऱ्याला 'नको' म्हणायची हिंमत शाळेत पाहिजे. ती नसली की दोन वर्षांत दोन-चार उत्साही घरं शाळा चालवायला लागतात.

एक तक्रार मात्र मी करणारच. स्नेहसंमेलन आलं की आयांच्या वाट्याला तीनशे माणसांचा उपमा आणि बाबांच्या वाट्याला माईक. बाबा "हॅलो, चेक, वन टू" करत फिरतात आणि शेवटी सत्कार त्यांचाच होतो. यंदा उपम्याच्या पातेल्यापाशी दोन बाबा उभे केलेत. खाली लागला, पण सगळ्यांनी खाल्ला.

आता तुमच्या प्रश्नातला खरा काटा, म्हणजे सक्तीचा. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. ती सक्ती मुलासाठी होती. आजकालचा दंड वेगळाच. माझ्या नणंदेच्या मुलाच्या शाळेत पालकसभा चुकवली की डायरीत लाल शेरा येतो आणि शंभर रुपये भरावे लागतात. तिचा नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला. फर्स्ट शिफ्ट असली की सकाळची सभा बुडते, नाइट असली की झोप बुडते. त्या लाल शेऱ्यानं शाळेला काय मिळालं? पोरगं मात्र आठवडाभर डायरी लपवत होतं.

२०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या शाळेच्या तळमजल्यात पंचगंगेचं पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर फरशीवर चिखलाचा थर राहिला. झाडूनं तो फक्त इकडून तिकडं सरकतो, आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो. तो ओला असतानाच निघायला हवा. त्या दिवशी गाडीवर पाण्याचा प्रेशर पंप बांधून जे गृहस्थ आले, ते तोवर शाळेच्या एकाही कार्यक्रमाला दिसले नव्हते. त्यांचं सर्व्हिसिंग सेंटर, रविवार तिथं सगळ्यात गर्दीचा, आणि आमचे सगळे कार्यक्रम रविवारी. दिवसभर त्यांनी भिंती धुतल्या, वायरिंगच्या बोर्डांना पाणी लागू दिलं नाही, आणि चहा पिऊन गेले. पुढच्या सभेलाही आले नाहीत. हजेरीचं रजिस्टर ठेवलं असतं तर हा माणूस 'उदासीन पालक' म्हणून नोंदला गेला असता.

म्हणून मी काम आणि हक्क यांची गल्लत करत नाही. शनिवारी खळ शिजवते म्हणून फीबद्दल बोलायचा अधिकार मला जास्त, असं नाही. कायदाही तसं मानत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या महिला, असं आहे. पण ते महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना. आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळा त्यातून सुटतात. आम्हाला लागू होतो तो महाराष्ट्राचा २०११चा शुल्क विनियमन कायदा. त्यात दरवर्षी शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला पाहिजे, आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद. कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, आणि फीचा प्रस्ताव त्या समितीपुढं ठेवायचा. चिठ्ठीला कोण किती राबतं ते माहीत नसतं. आमच्याकडं एकदा सर्व्हिसिंगवाल्यांचीच चिठ्ठी निघाली. पहिल्याच बैठकीत त्यांनी जनरेटरच्या भाड्याचा आकडा बघून विचारलं, "एवढ्यात जुनं एक विकतच येतंय की." तो प्रश्न आम्हा राबणाऱ्यांना कधी सुचला नव्हता.

तर तुम्ही मुलीचं नाव घालायला अशाच एखाद्या छोट्या शाळेत निघाला आहात. पालक काय काय करतात याची यादी तुम्हाला कौतुकानं दाखवतील, ती बघा. मग दोन गोष्टी विचारा. समितीची चिठ्ठी सगळ्यांसमोर काढता का? आणि ज्या पालकांना वर्षभर एकदाही यायला जमत नाही, त्यांच्या मुलांची चौकशी कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाला मुख्याध्यापकांनी एखाद्या बाईंचं नाव घेतलं तर फॉर्म तिथंच भरून टाका. नुसतं "आम्ही त्यांना समज देतो" म्हणाले, तर घरी येऊन अजून एक-दोन शाळा बघा.