शेपटी नसलेलं पाकट

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. तरी समुद्री माशांच्या पोटातल्या पट्टकृमींवर इथं पिढ्यानपिढ्या पीएच.डी. होत आल्यात. गाईड कृमींवाला, म्हणून विद्यार्थी कृमींवाला. पाकट (शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा) आणि मुशी (लहान शार्क) मिळतात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर, मायक्रोस्कोप आहे लातुरात. मधला प्रवास एसटीनं, मांडीवर बरण्या घेऊन.

माझ्या विद्यार्थिनीनं या खेपेला आणलेला कृमी बघण्यासारखा होता. अ‍ॅकँथोबोथ्रियम नावाच्या वंशातला. डोक्याला चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर दोन दुशाखी आकडे, त्यांनी तो पाकटाच्या मळसूत्री आतड्याला धरून बसतो. (लोक लगेच विचारतात, मग मासे खायचे का? खा. हा आतड्यात असतो, आतडं आपण टाकतो आणि मासा शिजवून खातो.)

आमच्याकडची जुनी रीत अशी की कृमी नळाच्या पाण्यात ढिला करायचा, दोन काचांमध्ये दाबायचा आणि तसाच फिक्स करायचा. सगळे अवयव एका पातळीत येतात, फोटो झकास. पण अशा कृमीची जी रुंदी छापून येते ती कृमीची नसते, दाबणाऱ्या अंगठ्याची असते. आम्ही दाबत नाही. काही कृमी फॉर्मॅलीनमध्ये, काही सरळ ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मॅलीन डीएनएची वाट लावतं. मग रंगवायला हिमॅटॉक्सिलिन, पाणी काढायला अल्कोहोलच्या पायऱ्या, आणि शेवटी कृमी पारदर्शक करायला मिथाइल सॅलिसिलेट. आयोडेक्सचा वास याचाच. आमचे शिपाईमामा दारातूनच विचारतात, "सर, कंबर धरली का?"

या वंशात जाती दोनशेच्या घरात. २००१ मध्ये घोषरॉय आणि कायरा या संशोधकांनी चार प्रश्नांची चाळणी करून दिली, म्हणून निभावतं: लांबी १५ मिलिमीटरच्या आत की बाहेर, खंड ५० पर्यंत की जास्त, एका खंडात वृषणं ८० पर्यंत की जास्त, आणि अंडाशयाच्या दोन्ही बाजू सारख्या की एक लांब. आमचा कृमी आखूड, कमी खंडांचा, कमी वृषणांचा, अंडाशय असमान. अशाच जाती वेगळ्या काढून ताडून पाहत गेलो तर याच किनाऱ्यावरचं एक जुनं वर्णन अगदी जवळ आलं. मजकुरात वृषणं ४० ते ४५. सोबतच्या आकृतीत मी मोजली, साठाच्या वर. यजमान मासा नुसता 'ट्रायगॉन', म्हणजे पाकटांच्या वंशाचं जुनं नाव; पुढं जातीचं नाव दिलेलं नाही.

अशा वेळी खरं काय ते मूळ स्लाइडच सांगते. ती दुसऱ्या एका कॉलेजच्या कपाटात असल्याचं कळलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. त्यांनी चहा पाजला, कपाटाची किल्ली शोधण्यात दुपार गेली. स्लाइड सापडली. काच चिकटवायचं बाल्सम काळपट पडलेलं, बरोबर डोक्यावर हवेचा बुडबुडा, आणि लेबल कसरीनं खाल्लेलं. डोक्यावरचे आकडे दिसेनात, वृषणं मोजता येईनात. होलोटाइप (ज्या नमुन्यावरून जात ठरवली तो) कोणत्या संग्रहात ठेवला हे छापलं पाहिजे, असा नियम १९९९ नंतरच्या जातींना आहे, त्याआधीच्यांना नाही. पण कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडं एक स्लाइड पाठवायला नियम कशाला लागतो? नव्या जातीला गुरुजींचं नाव द्यायला सवड होती, पोस्टात जायला नव्हती.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "सर, मग आपण नवीन जात म्हणूनच देऊ की. खोडून काढणार कोण?"

बरोबर आहे तिचं. कुणीच काढू शकणार नाही. स्लाइडवरच्या त्या रंगवलेल्या, फॉर्मॅलीनमध्ये फिक्स केलेल्या कृमीतून आता डीएनए मिळणं अवघड. तिचा प्रबंध रखडलाय, घरचे लग्नासाठी थांबलेत, आणि नवी जात म्हटलं की व्हायव्हाला सगळे माना डोलावतात. मी नाही म्हणालो. ती नांदेड फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

आमची बाजू तरी भक्कम कुठंय? तिच्या फोटोतल्या पाकटाला शेपटी नाही. काटा लागू नये म्हणून मच्छीमार ती होडीतच छाटून टाकतात. पॅस्टिनॅकस हा पाकटांचा वंश ओळखायचा तो शेपटीच्या खालच्या रुंद पडद्यावरून, आणि ज्याला आपण एकच जात समजत होतो तिच्या आता कितीतरी निघाल्यात. पाकटाच्या मांसाचा तुकडा अल्कोहोलमध्ये आहे, सिक्वेन्सिंगचे पैसे मंजूर व्हायचेत.

सध्या प्रबंधाच्या प्रकरणात 'अ‍ॅकँथोबोथ्रियम, जात अनिश्चित' असं लिहिलंय. एक स्लाइड कोलकात्याला गेली. परवा तिनं मिरकरवाड्यातल्या मावशींना फोन करून अख्ख्या शेपटीचं पाकट सांगितलं. मावशी म्हणाल्या, "ठेवते की. पण काट्याची जबाबदारी तुझी, आणि शेपटीचे पैसे वेगळे."