जुनी यंत्रणा बदलताना

घर गार आणि उबदार ठेवणारी आमची जुनी यंत्रणा बदलायची ठरली, तेव्हा नवे यंत्र थोडे मोठेच घ्यावे असा सल्ला बहुतेकांनी दिला, आणि तो मी मानला नाही याचे मला आजही समाधान वाटते. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते आणि थोड्याच वेळात पुन्हा सुरू होते. या सततच्या चालू-बंदमुळे हवेतील दमटपणा पुरेसा निघत नाही आणि कॉम्प्रेसरवर, म्हणजे यंत्रातील वायू दाबून फिरवणाऱ्या भागावर, ताण येतो. म्हणून खोल्यांचे क्षेत्रफळ, खिडक्यांची दिशा, छतावरचे ऊन आणि माणसांची संख्या पाहूनच क्षमता ठरवावी. ही क्षमता टनांत सांगतात; येथे १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) इतकी उष्णता बाहेर काढणे, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट, यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.

आम्ही हीट पंप घेतला, कारण शीतकाचा, म्हणजे नळ्यांतून फिरत उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, प्रवाह उलटवून तेच यंत्र थंडीत ऊबही देते.

बसवताना मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासावी आणि मग व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा पूर्ण काढावा, कारण आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरमधील तेलाशी व शीतकाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो. तंत्रज्ञांना घाई होती, तरीही मी थांबायला सांगितले.

जुन्या यंत्रात आर-२२ नावाचे शीतक होते. ते ओझोन थराला हानिकारक असल्याने हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावले.